लुईव्हिल १८७७: जिम डेव्हलिनला आजन्म बंदी घालणं योग्य होतं का?

सातवी_इनिंग (धागाकर्ता)

बेसबॉलमधली निकालनिश्चिती (पैसे घेऊन मुद्दाम हरणं) म्हटलं की बहुतेकांना १९१९ चा शिकागो व्हाइट सॉक्स आणि जो जॅक्सन आठवतो. त्याच्या ४२ वर्षं आधी, १८७७ साली, नॅशनल लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने केंटकीतल्या लुईव्हिल ग्रेज संघाच्या चार खेळाडूंना एकदम कायमचं बाहेर काढलं होतं: पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) जिम डेव्हलिन, डावीकडचा आउटफिल्डर जॉर्ज हॉल, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) बिल क्रेव्हर आणि राखीव खेळाडू अॅल निकल्स. हा धागा मुख्यतः डेव्हलिनसाठी आहे, कारण चौघांत सर्वात मोठा खेळाडू तो होता आणि सर्वात जास्त गमावलंही त्यानेच.

कारकीर्द थोडक्यात. जन्म १८४९, फिलाडेल्फिया. १८७३ मध्ये तिथल्याच व्हाइट स्टॉकिंग्जकडून सुरुवात, १८७४ आणि १८७५ शिकागोकडे. आधी मुख्यतः पहिल्या बेसवर खेळायचा, पिचिंग शिकागोत हाती आलं. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली आणि तो लुईव्हिलला गेला. संघाच्या ६९ सामन्यांपैकी ६८ त्याने टाकले, ६२२ इनिंग. १८७७ मध्ये संघाचे सगळे ६१ सामने आणि त्यातली प्रत्येक इनिंग त्याने एकट्याने टाकली, ५५९ इनिंग. पूर्ण हंगामात संघासाठी दुसऱ्या कोणीही एकही चेंडू टाकला नाही असं हे मोठ्या लीगमधलं एकमेव उदाहरण आहे. आजचा मुख्य पिचर हंगामात २०० इनिंग टाकू शकला तरी क्लब खूश असतो.

ऑगस्टच्या मध्याला लुईव्हिल अव्वल होतं. मग पूर्वेच्या दौऱ्यावर सात सामने हरले, एक बरोबरीत सुटला आणि बॉस्टन पुढे निघून गेलं. ऑक्टोबरअखेर क्लबने चौघांना काढलं, डिसेंबरमध्ये लीगने त्यावर शिक्कामोर्तब केलं. डेव्हलिन तेव्हा २८ वर्षांचा होता.

माझं मत सरळ आहे. डेव्हलिनने पैसे घेतले, हे त्याने स्वतः कबूल केलं. ते मी नाकारत नाही. पण शिक्षेचं माप गुन्ह्यावरून ठरलं नाही. लीगला आपला धाक दाखवायचा होता, त्यावरून ते ठरलं. त्यासाठी माझी तीन कारणं:

पहिलं, त्याने कबूल केलेले सामने मुख्यतः प्रदर्शनीय होते. ज्या सामन्यांनी अजिंक्यपद गेलं, ते विकल्याचं त्याने कधीच मान्य केलं नाही आणि तसं सिद्धही झालं नाही. दुसरं, ज्याने कबूल केलं त्याला आणि ज्याच्याविरुद्ध धड पुरावा नव्हता त्या क्रेव्हरला एकच शिक्षा. तिसरं, अपिलाची सोयच नव्हती. क्लबच फिर्यादी, क्लबच न्यायाधीश आणि त्याच क्लबने खेळाडूंचा पगार थकवलेला.

तुम्हाला काय वाटतं?

दक्षिणमुखी

असहमत. तिन्ही मुद्द्यांवर.

प्रदर्शनीय सामना म्हणजे कमी महत्त्वाचा, ही आजची कल्पना आहे. १८७७ मध्ये लीगचे सामने फक्त साठ होते. मधल्या दिवसांत क्लब लीगबाहेरच्या संघांशी खेळायचे आणि त्याच्या तिकिटांवर खर्च भागवायचे. पैसे देऊन मैदानात आलेल्या माणसाला हा सामना गुणतक्त्यात धरला जाणार की नाही, याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला खरा खेळ बघायचा होता.

आणि सट्टा तर दोन्हीवर सारखाच लागायचा. तेव्हा 'ऑक्शन पूल' चालायचे. पूलवाला आधी पसंतीचा संघ लिलावात काढायचा. समजा, लुईव्हिल १०० डॉलरला गेलं. मग समोरचा संघ लिलावात, तो ४० ला गेला. एकूण १४० डॉलर पूलवाल्याकडे जमा. तो आपलं कमिशन कापणार आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या संघाच्या खरेदीदाराला देणार. लुईव्हिल हरणार हे ज्याला आधी कळलं आहे, त्याने ४० गुंतवून जवळपास १४० उचलायचे. असे वीस पूल एका रात्रीत लागायचे. यात खेळाडूला मिळणारे १०० डॉलर म्हणजे किरकोळ खर्च.

आता यात पिचर विकला गेला तर काय होतं ते बघा. त्या काळी पिचर ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकायचा. बॅटर आधीच सांगायचा की मला वरचा हवा की खालचा, आणि पिचरला त्या उंचीत टाकावा लागायचा. म्हणजे बॅटरला चकवायला पिचरकडे फक्त वेग आणि चेंडूची हालचाल उरते. डेव्हलिनचं हत्यार होतं शेवटच्या क्षणी खाली बसणारा चेंडू. तो त्याने जरा कमी बसवला की झालं, चेंडू बॅटच्या मधोमध. वाइड टाकायची गरज नाही, चुकीचं काही करायची गरज नाही. अंपायर एकच, त्याला काही दिसणार नाही. कॅचरलाही खात्रीने सांगता येणार नाही. फील्डरने झेल सोडला तर तो चार हजार डोळ्यांना दिसतो. पिचरने मनगट ढिलं सोडलं तर ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.

म्हणून पिचरला वेगळी मोजपट्टी लावणं बरोबर आहे. आणि हा पिचर तर संघाची प्रत्येक इनिंग टाकत होता.

तारयंत्र

चौकशी नेमकी कशी झाली ते लिहितो. बंदी योग्य की अयोग्य हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.

संशयाची सुरुवात मैदानाबाहेरून झाली. क्लबचे उपाध्यक्ष चार्ल्स चेस यांना न्यू जर्सीतल्या होबोकेनहून निनावी तारा आल्या. मजकुराचा आशय असा की लुईव्हिलच्या खेळाडूंत काहीतरी गडबड आहे, जुगारी हार्टफर्डवर पैसे लावत आहेत. अव्वल संघाविरुद्ध पैसा जातोय हीच मोठी खूण. त्याच वेळी 'कुरिअर-जर्नल'चा बातमीदार जॉन हाल्डमन संघाच्या खेळावर संशय घेऊन लिहू लागला होता. त्याचे वडील वॉल्टर हाल्डमन हे क्लबचे अध्यक्ष आणि त्या वर्तमानपत्राचे मालकही.

दुसरी खूण निकल्सची. तिसऱ्या बेसवरच्या बिल हेगला गळवांचा त्रास सुरू झाला तेव्हा बदली म्हणून निकल्सला घ्या, असा आग्रह हॉलने धरला. निकल्सचा खेळ सामान्य होता. हेग बरा झाल्यावरही त्याला खेळवलं जात होतं आणि त्याला तारा मात्र भरपूर यायच्या.

चेसने खेळाडूंना सांगितलं, वेस्टर्न युनियन या तारकंपनीकडच्या तुमच्या तारा आम्हाला बघू द्या, तशी लेखी परवानगी द्या. नकार म्हणजे कबुलीच धरली जाईल अशी परिस्थिती होती. क्रेव्हर सोडून सगळ्यांनी परवानगी दिली. तारांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा सापडला, 'सॅश'. सामना ठरला आहे याची ती खूण होती.

मग हॉल आणि डेव्हलिन यांना वेगवेगळं गाठलं. दुसऱ्याने आधीच सगळं सांगितलं आहे, अशी प्रत्येकाची समजूत झाली आणि दोघेही बोलले. डेव्हलिनने न्यूयॉर्कच्या मॅक्लाउड नावाच्या जुगाऱ्याचं नाव घेतलं. सिनसिनाटी आणि इंडियानापोलिसचे सामने कबूल केले. आणि एक तपशील असा की मॅक्लाउडने पाठवलेल्या १०० डॉलरपैकी त्याने हॉलला २५ दिले आणि आपल्याकडे ५० च आले असं सांगितलं. म्हणजे संघाला फसवलं आणि साथीदारालाही.

क्रेव्हरबद्दल धागाकर्त्याशी मी सहमत आहे. त्याच्याविरुद्ध कबुली नाही, पैशाचा माग नाही. तारा दाखवायला नकार, आज्ञाभंग आणि संशयास्पद खेळ एवढ्यावर त्याला काढलं. पण क्रेव्हरवर अन्याय झाला म्हणून डेव्हलिनवरही झाला, असा निष्कर्ष निघत नाही. दोन वेगळी प्रकरणं आहेत.

आकडेमोड

'अजिंक्यपद विकलं' हे वाक्य सर्रास वापरलं जातं म्हणून गुणतक्ता इथे मांडतो.

आज छापला जाणारा तक्ता: बॉस्टन ४२ विजय १८ पराभव, लुईव्हिल ३५ विजय २५ पराभव. सात विजयांचा फरक.

पण १८७७ च्या डिसेंबरमध्ये लीगने मान्य केलेला तक्ता वेगळा होता. सिनसिनाटीचा क्लब जूनमध्ये मोडला, नव्या मालकांनी तो पुन्हा उभा केला, पण वर्गणीचा घोळ झाल्यामुळे त्यांचे सगळे सामने लीगने बाद धरले. मग उरतं बॉस्टन ३१-१७, लुईव्हिल २८-२०. फरक तीन विजयांचा.

हे महत्त्वाचं का? एक, तीनचा फरक म्हणजे बॉस्टनविरुद्धचे दोन सामने उलटे लागले असते तरी लुईव्हिल ३० आणि बॉस्टन २९ झालं असतं. पूर्वेच्या दौऱ्यात बॉस्टनशीही सामने होते. त्यामुळे 'एवढ्याने काय फरक पडला असता' हा बचाव टिकत नाही. दोन, डेव्हलिनने कबूल केलेला सिनसिनाटीचा सामना सप्टेंबरमधला. त्या वेळी सिनसिनाटीचे सामने धरणार की नाही हे अधांतरीच होतं आणि शेवटी ते धरले नाहीतच. म्हणजे लीगच्या स्वतःच्या तक्त्यानुसार डेव्हलिनने कबूल केलेल्या एकाही सामन्याचा अजिंक्यपदाशी संबंध नव्हता. धागाकर्त्याचा पहिला मुद्दा त्यामुळे दिसतो त्यापेक्षा मजबूत आहे.

आता चुकांविषयी. त्या सात पराभवांत लुईव्हिलने फील्डिंगमध्ये किती चुका केल्या यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पण १८७७ मध्ये फील्डर उघड्या हातांनी खेळायचे. मैदानं खडबडीत. लीगभरात झालेल्या जवळपास निम्म्या धावा चुकांमुळे व्हायच्या. अशा काळात चुका मोजून निकालनिश्चिती सिद्ध होत नाही. त्या पार्श्वभूमीवर ५५९ इनिंगमध्ये डेव्हलिनची पिचरच्या खाती जाणाऱ्या धावांची सरासरी नऊ इनिंगमागे २.२५ होती. एकूण सुमारे १४० धावा.

थकव्याचाही हिशेब घ्या. दोन हंगामांत मिळून ११८१ इनिंग, शिवाय प्रदर्शनीय सामने वेगळे. ऑगस्टच्या उकाड्यात आगगाडीने शहरामागून शहर करत, एकाच हाताने. चेंडू बसायचा बंद होणं ही थकलेल्या हाताचीही खूण आहे. म्हणून लीग सामन्यांबद्दल निकाल द्यायचा तर तारा आणि कबुली हाच पुरावा. धावफलकात तो शोधण्यात अर्थ नाही.

वकिलीबाणा

आकडेमोड यांच्या प्रतिसादाला +१. पण मला प्रक्रियेवर बोलायचं आहे.

कबुली कशी मिळवली, बघा. 'दुसऱ्याने सांगितलं आहे' असा समज करून देऊन. सोबत कोणी सल्लागार नाही. खेळाडूंची संघटना तेव्हा अस्तित्वातच नव्हती, 'ब्रदरहुड' १८८५ मध्ये आली. चौकशी करणारे क्लबचे पदाधिकारी, बातमी छापणारं वर्तमानपत्र अध्यक्षांच्या मालकीचं. अपील लीगकडे, म्हणजे क्लबमालकांच्याच मंडळाकडे. आणि १८८० मध्ये लीगच्या संचालकांनी ठराव करून टाकला की या चौघांची शिक्षा कधीही माफ होणार नाही आणि यापुढे त्यांचं कोणतंही अपील ऐकूनही घेतलं जाणार नाही. त्यांच्या मित्रांना आणि कैवाऱ्यांनाही तशी समज दिली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. श्रीशांतवर २०१३ मध्ये बीसीसीआयने आजन्म बंदी घातली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषाला हात न लावता शिक्षेचा पुनर्विचार करायला सांगितलं, आणि बीसीसीआयच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. दोष आणि शिक्षा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तत्त्व तिथे पाळलं गेलं. डेव्हलिनच्या बाबतीत दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. गुन्हा किती सामन्यांचा, रक्कम किती, कबुली दिली का, याआधी काही केलं होतं का, यातल्या कशाचाही शिक्षेवर परिणाम झाला नाही.

दक्षिणमुखी

@वकिलीबाणा, 'याआधी काही केलं होतं का' विचारलंत म्हणून सांगतो.

जून १८७६. लुईव्हिलचाच जॉर्ज बेक्टेल याच्यावर सामना विकल्याचा संशय होता. त्याने डेव्हलिनला तार पाठवली की आजचा सामना हरलास तर आपल्याला ५०० डॉलर मिळतील. डेव्हलिनने उत्तर दिलं की मी तसला माणूस नाही, जे मला पगार देतात त्यांच्यासाठी मी खेळतो. बेक्टेलला क्लबने काढून टाकलं.

हे डेव्हलिनच्या बाजूने सांगितलं जातं. माझ्या मते ते त्याच्या विरुद्ध जातं. सामना विकायचं आमंत्रण कसं येतं, ते नाकारता येतं आणि स्वीकारणाऱ्याचं काय होतं, हे तिन्ही त्याने सव्वा वर्ष आधी आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये पाहिलं होतं. अजाण पोरगा फसला, अशी ही गोष्ट नाही.

आता सौम्य शिक्षेबद्दल. ती आधी वापरून झाली होती. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाच्या वॉन्सली, डफी आणि डेव्हिर या तिघांनी ब्रुकलिनच्या एकफर्डविरुद्धचा सामना १०० डॉलरला विकला. वॉन्सलीने त्यातले ३०-३० डॉलर दोघांना दिले. तिघांवर बंदी आली. मग मित्रांनी रदबदली केली, मतदान झालं आणि पाचेक वर्षांत तिघेही पुन्हा मैदानात. याचा परिणाम असा की १८७० च्या दशकात सामना कोणी विकला याची चर्चा उघड चालायची आणि कोणाचं काही वाकडं व्हायचं नाही. नॅशनल असोसिएशन, म्हणजे नॅशनल लीगच्या आधीची व्यावसायिक लीग, बुडाली त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

१८७६ च्या शेवटी लीगने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया हे सर्वात मोठ्या शहरांचे दोन क्लब काढून टाकले, कारण त्यांनी पश्चिमेचा शेवटचा दौरा टाळला. १८७७ ला सहाच क्लब उरले. त्यात ही बातमी आली. मुदतीची बंदी देऊन भागणार नव्हतं, त्या उपायाची पत गेलेली होती.

सातवी_इनिंग

@दक्षिणमुखी, १८६५ चा दाखला चांगला आहे, पण तो मित्रमंडळींच्या रदबदलीविरुद्ध आहे, मुदतीच्या शिक्षेविरुद्ध नाही. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, असं म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं.

आणि लीगच्या नैतिक अधिकाराबद्दल बोलायचं तर लीगचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट यांच्याकडेही बघायला हवं. १८७५ च्या हंगामाच्या मध्यात त्यांनी बॉस्टनच्या स्पॉल्डिंग, बार्न्स, व्हाइट आणि मॅक्व्हे या चौघांना शिकागोसाठी गुपचूप करारबद्ध केलं. हंगाम चालू असताना दुसऱ्या क्लबच्या खेळाडूशी करार करायला असोसिएशनच्या नियमाने बंदी होती. आपल्यावर कारवाई होईल हे दिसल्यावर त्यांनी फेब्रुवारी १८७६ मध्ये नवी लीगच काढली. नियम मोडणारा मालक संस्थापक झाला आणि १९९५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला.

डेव्हलिन आणि हॉल यांचा १८७८ साठी सेंट लुईसशी करार झालेला होता. तो क्लब बंद पडला, लुईव्हिलही बंद पडलं. हार्टफर्डही गेलं. शिक्षेने लीग वाचली म्हणता, पण सहापैकी तीन क्लब त्याच हिवाळ्यात संपले.

पगाराचा मुद्दाही सोडू नका. १८७७ मध्येच क्लबांनी खेळाडूंकडून गणवेशाचे ३० डॉलर आणि दौऱ्यावर जेवणाखाण्यासाठी दिवसाला ५० सेंट कापायला सुरुवात केली. वर लुईव्हिलने पगार थकवले. शंभर डॉलरचा मोह कुठून आला हे यातून दिसतं.

गल्लीतला_कॅचर

पगाराच्या मुद्द्यावर एकच गोष्ट. त्याच संघात पॉप स्नायडर कॅचर होता. बॅटच्या मागे उघड्या हातांनी डेव्हलिनचा चेंडू झेलायचा, बोटांची काय अवस्था होत असेल ते बघा. दुसऱ्या बेसवर जो गेरहार्ट, पहिल्या बेसवर लेथम, आउटफिल्डमध्ये शेफर आणि क्राउली. गणवेशाचे पैसे यांचेही कापले, पगार यांचाही त्याच तिजोरीतून. यांच्यापैकी कोणावरही आरोप झाला नाही. थकलेला पगार हे क्लबशी भांडण्याचं कारण आहे. सहकाऱ्यांची मेहनत विकण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

आणि या पाचांचं काय झालं याचा विचार कोणी करत नाही. क्लब बुडाला, अजिंक्यपद गेलं, लुईव्हिलचं नाव बदनाम झालं आणि सगळ्यांना नवी नोकरी शोधावी लागली. डेव्हलिनच्या पत्रांवर इतकं लिहिलं जातं, स्नायडरवर एक ओळ येत नाही.

तारयंत्र

पत्रांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण डेव्हलिनबद्दलची सहानुभूती बरीचशी दोन गोष्टींतून येते आणि दोन्हींचं वजन सारखं नाही.

एक, त्याने २४ फेब्रुवारी १८७८ ला बॉस्टनचे व्यवस्थापक हॅरी राइट यांना लिहिलेलं पत्र. हे खरं कागदपत्र आहे. शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं. हिवाळाभर कसंबसं पोट भरतोय, बायकोमुलाच्या अंगावर कपडे नाहीत, मैदानाची देखभाल असो की दुसरं काहीही, काम द्या, असा आशय. त्यातही तो म्हणतो की आपल्याला न्याय मिळाला नाही. हे पत्र वाचून त्याच्या हलाखीबद्दल शंका राहत नाही.

दोन, हल्बर्टच्या कार्यालयातला प्रसंग. फाटक्या कपड्यांतला डेव्हलिन आला, गुडघे टेकले, विनवण्या केल्या. हल्बर्टने ५० डॉलरची नोट त्याच्या हातात ठेवली, डोळ्यांत पाणी होतं, पण म्हणाले की तू बेइमानी केलीस, तुला परत घेणार नाही. हा प्रसंग स्पॉल्डिंगने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिला, म्हणजे तीसेक वर्षांनंतर. स्पॉल्डिंग हा हल्बर्टचा उजवा हात, हल्बर्टनंतर शिकागो क्लबचा अध्यक्ष. डेव्हलिन १८८३ मध्ये वारला होता, हल्बर्ट १८८२ मध्ये. दुसरी बाजू सांगायला कोणी उरलं नव्हतं. कठोर पण कनवाळू न्यायाधीश आणि पश्चात्तापाने खचलेला अपराधी, हे चित्र लीगला फार सोयीचं आहे. प्रसंग घडला नसेल असं मी म्हणत नाही, पण त्यावर युक्तिवाद उभा करू नये. दोन्ही बाजूंनी.

राइटचं पत्र पुरेसं आहे.

वकिलीबाणा

@गल्लीतला_कॅचर, स्नायडर आणि इतरांचं नुकसान झालं हे शंभर टक्के मान्य. पण त्याची भरपाई डेव्हलिनला कायमचा बाहेर ठेवून होत नाही. त्यांना थकीत पगार मिळाला असता तर झाली असती.

आणि शिक्षेनंतर काय झालं तेही बघा. सप्टेंबर १८७९ मध्ये मालकांनी आपसांत ठरवलं की प्रत्येक क्लब पाच खेळाडू राखून ठेवेल आणि बाकीचे क्लब त्यांना हात लावणार नाहीत. रिझर्व्ह क्लॉजची ही सुरुवात. पुढे तो सगळ्या करारांत आला आणि १९७५ पर्यंत टिकला. मालकांनी एकत्र येऊन एखाद्या माणसाचा व्यवसाय बंद करता येतो, हे लुईव्हिल प्रकरणात सिद्ध झालेलं होतं. काळ्या यादीत नाव गेलं की सगळी दारं बंद. हे हत्यार फक्त बेइमानांवर चालवायचं, असं त्यावर कुठे लिहिलं नव्हतं. म्हणून पहिल्या वापराची तपासणी कडक व्हायला हवी.

आकडेमोड

हॉल ऑफ फेमचा उल्लेख आला म्हणून एक तांत्रिक गोष्ट. मे २०२५ मध्ये मेजर लीगचे कमिशनर मॅनफ्रेड यांनी मृत खेळाडूंवरची बंदी संपल्याचं जाहीर केलं आणि सट्ट्यावरून बंदी आलेला पीट रोझ आणि जो जॅक्सन यांचा हॉल ऑफ फेमचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून डेव्हलिनचं नावही मधूनमधून घेतलं जातं. त्याचा उपयोग नाही. हॉल ऑफ फेमसाठी किमान दहा हंगाम लागतात. डेव्हलिनचे पाच. त्यातले पहिले तीन नॅशनल असोसिएशनमधले, आणि १९६९ च्या नोंदसमितीने असोसिएशनला मोठी लीग मानायला नकार दिला. म्हणजे अधिकृत हिशेबात त्याची कारकीर्द दोन हंगामांची, १२९ सामन्यांची. ६५ विजय, ६० पराभव.

हॉलचंही तसंच. १८७६ चा नॅशनल लीगमधला सर्वाधिक होमरनचा मान त्याचा, पाच होमरन. १८७७ ला फलंदाजीची सरासरी .३२३. तिथेच पूर्णविराम.

सातवी_इनिंग

मला हॉल ऑफ फेम नकोच आहे. मागणी एवढीच की इतिहास लिहिताना 'योग्य शिक्षा झाली' असं एका वाक्यात उरकू नये.

पाच वर्षांची बंदी धरून बघा. ती १८८२ मध्ये संपली असती. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकन असोसिएशन ही दुसरी मोठी लीग सुरू झाली, तिच्या सहा क्लबांत लुईव्हिल होतं. पिचरची गरज सगळ्यांना होती. डेव्हलिन तेव्हा तेहतीस वर्षांचा. प्रत्यक्षात तो फिलाडेल्फियात पोलिसाची नोकरी करत होता आणि ऑक्टोबर १८८३ मध्ये क्षयाने गेला. चौतीसाव्या वर्षी. क्रेव्हरही पुढे ट्रॉय शहरात पोलिसातच गेला. ज्यांना बेसबॉल खेळण्याइतकं प्रामाणिक मानलं नाही, त्यांना दोन शहरांनी कायदा राखायला ठेवलं.

दक्षिणमुखी

पोलिसाच्या नोकरीचं अप्रूप मला नाही. माणूस सुधारू शकतो, हे मान्यच आहे. प्रश्न त्याच्या हातात पुन्हा चेंडू द्यायचा का, हा आहे. क्रेव्हरबद्दल मी तुमच्या बाजूने मत देईन: पुराव्याअभावी त्याला लुईव्हिलने फक्त करारातून मोकळं करायला हवं होतं.

डेव्हलिनबद्दल नाही. १८८२ चा हंगाम तुम्ही निवडलात, तर त्याच हंगामात काय झालं ते बघा. पिचर आता ४५ ऐवजी ५० फुटांवर गेला होता, पण सट्टा जिथल्या तिथे होता. जूनमध्ये डेट्रॉइट क्लबचे अध्यक्ष आणि शहराचे महापौर विल्यम थॉम्पसन यांना अंपायर डिक हायम याच्या निर्णयांचा संशय आला. त्यांनी गुप्तहेर लावला. हायमने एका जुगाऱ्याला लिहिलेलं पत्र सापडलं. डेट्रॉइटवर पैसे लावायचे असतील तेव्हा मी तार करीन, 'मिळेल तेवढं लाकूड विकत घ्या'. हायमला तिथल्या तिथे काढलं, आणि तोही कायमचा.

खेळाडू सरळ झाल्यावर जुगाऱ्यांना अंपायर गाठावा लागला, इतका तरी फरक पाच वर्षांत पडला होता. त्या वर्षी डेव्हलिनला परत घेतलं असतं तर पूलवाल्यांनी पहिला माणूस त्याच्याकडेच पाठवला असता.